रत्नागिरीची व्यापारी फेरी : मुक्काम कोठे करावा?

बंदरपट्टीत माल घेऊन फिरणाऱ्या व्यापाऱ्याला दोन हिशेब आधी करावे लागतात. एक मालाचा, दुसरा रस्त्याचा. मालाचा हिशेब आपण सर्वजण करतो. रस्त्याचा मात्र थोडेच जण करतात, आणि नफा बहुधा तेथेच सांडतो. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीकडचे आपले अनेक बांधव लग्नसराईच्या आधी रत्नागिरी जिल्ह्यात कापड घेऊन जातात. कित्येकजण मुक्कामाची जागा चुकल्यामुळे दोन दिवस गाडीतच घालवतात आणि "कोकणात धंदा नाही" असे म्हणत परत येतात. धंदा आहे. फक्त तो कोठे राहून करावा हे समजून घेतले पाहिजे. मुलाबाळांना घेऊन समुद्र पाहायला जाणाऱ्यांनाही हाच हिशेब उपयोगी पडेल.

जिल्ह्याची ठेवण

पूर्वी रत्नागिरी जिल्हा थेट गोव्याच्या हद्दीपर्यंत होता. १ मे १९८१ रोजी दक्षिणेचा भाग वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. आज रत्नागिरीत मंडणगड, दापोली, खेड, गुहागर, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा आणि राजापूर असे नऊ तालुके आहेत.

नकाशावर जिल्हा अरुंद दिसतो, पण फसू नये. मुंबई-गोवा हमरस्ता समुद्रापासून आत, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर असा जातो. खुद्द रत्नागिरी शहरसुद्धा या रस्त्यावर नाही; त्यासाठी हातखंब्याला वळावे लागते. बंदराची गावे या रस्त्याला फणीच्या दातांसारखी लागलेली आहेत. एका दातावरून दुसऱ्या दातावर जायचे तर मागे कण्यापर्यंत यावे लागते, नाहीतर खाडी ओलांडावी लागते.

बाणकोट, केळशी, आंजर्ले, दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड आणि जैतापूर या येथल्या मुख्य खाड्या. काहींवर पूल झाले आहेत. दाभोळची खाडी मोठी आहे. दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर गुहागर तालुक्यातले धोपावे दिसते. पण रस्त्याने जायचे तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभर किलोमीटरहून अधिक वळसा पडतो. मोटार वाहून नेणाऱ्या फेरीबोटीने तेच अंतर काही मिनिटांत तुटते. अशीच बोट जयगड खाडीवर तवसाळ-जयगड आणि बाणकोट खाडीवर वेशवी-बागमांडला येथे चालते. शेवटची बोट किती वाजता सुटते हे सकाळीच विचारून ठेवावे. पावसाळ्यात वारा वाढला की बोट थांबते, हेही धरून चालावे.

कोठे राहावे?

उत्तरेकडील फेरीसाठी दापोली चांगली. गाव उंचावर असल्याने हवा थंड, कृषी विद्यापीठामुळे बाराही महिने वर्दळ, आणि हर्णे, आंजर्ले, दाभोळ, मंडणगड या सर्व वाटा येथूनच फुटतात. हर्णे बंदर सुमारे १५ किलोमीटरवर आहे. तेथे वाळूवर मासळीचा लिलाव होतो आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग किल्ला उभा असतो. लिलाव उरकला की लोकांच्या हातात रोकड असते. दुकानदाराकडे तगाद्याला जायची वेळ तीच.

दाभोळला मुक्कामाची सोय कमी आहे, पण एक दिवस जरूर द्यावा. बहमनी आणि आदिलशाही काळात हे बंदर दख्खनचा दरवाजा होते. पंधराव्या शतकात आलेला रशियन व्यापारी निकितीन याने येथे अरबस्तान व खुरासानचे घोडे येत असल्याची नोंद केली आहे, आणि मायदेशी जायला तो येथूनच जहाजात बसला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे शहर जाळले. खाडीच्या काठी चार मिनार आणि मोठा घुमट असलेली आदिलशाही मशीद आजही उभी आहे. आपले पूर्वज समुद्रावर कशी तिजारत करीत होते, याची साक्ष ती मशीद देते.

चिपळूण हे मधले ठिकाण. कुंभार्ली घाटाने कराडकडचा माल येथे उतरतो, रेल्वे स्टेशन आहे, बाजारपेठ मोठी आहे. खेड, संगमेश्वर आणि गुहागरच्या आतल्या गावांना जायचे असेल तर येथेच राहावे. परंतु वाशिष्ठी नदी विसरू नये. २६ जुलै २००५ ला पूर आला, आणि २२ जुलै २०२१ ला तर अख्खी पेठ पाण्याखाली गेली. असंख्य व्यापाऱ्यांची उमेद एका रात्रीत वाहून गेली. म्हणून पावसाळ्यात येथे तळमजल्यावर गाठोडी ठेवू नयेत. खोली घेताना "२०२१ ला पाणी कोठपर्यंत आले होते?" हा सवाल लॉजवाल्याला बिनदिक्कत विचारावा.

दक्षिणेसाठी रत्नागिरी शहर. आंबा घाटाने कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर पडते, म्हणजे इचलकरंजीवाल्यांना हे सर्वात सोयीचे. एस.टी. स्टँडच्या आसपास साधे लॉज आहेत. रेल्वे स्टेशन मात्र शहराबाहेर कुवारबावला आहे, तेव्हा गाडीवरून उतरून मुक्कामाला पोहोचेपर्यंतचा वेळ व भाडे हिशेबात धरावे. मिरकरवाडा बंदर, भाट्ये, पावस, पूर्णगड आणि उत्तरेला गणपतीपुळ्याकडचा आरे-वारेचा समुद्रकिनारा येथून करता येतो. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये येथे आणून ठेवले. १९१० मध्ये त्याच्यासाठी वाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो येथेच वारला. मुलांना तो वाडा अवश्य दाखवावा.

राजापूर, जैतापूर, साखरीनाटे या भागात काम जास्त असेल तर एक रात्र राजापूरला काढावी. अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरकडे थेट परतता येते. राजापूर रोड स्टेशन गावापासून दूर आहे, हे लक्षात असू द्यावे.

हंगाम आणि भाडे

बंदरावरचा पैसा समुद्राच्या ताब्यात असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. या काळात खलाशांचे हात रिकामे असतात, आणि ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या तरी पहिला पैसा डिझेल, बर्फ आणि जाळ्यांवर जातो. म्हणून उधारीची वसुली मे महिन्यात पुरी करावी. ती राहिली तर चार-पाच महिने आशा करू नये, आणि गरीब गिऱ्हाईकावर त्या काळात तगादाही लावू नये.

अडचण अशी की एप्रिल-मे मध्येच सर्व काही एकत्र येते. आंब्याचा पैसा तेव्हाच, आखातातून आणि मुंबईहून माणसे गावी येतात ती तेव्हाच, लग्नेही तेव्हाच, आणि पुण्या-मुंबईचे पर्यटकही तेव्हाच. मुरुड, कर्दे, गणपतीपुळे येथे खोल्यांचे भाडे चढते. यावर आम्ही एक उपाय पाहिला आहे. पर्यटक शनिवार-रविवारी गर्दी करतात आणि रविवारी दुपारी परततात. आपण रविवारी संध्याकाळी पोहोचावे आणि शुक्रवारी जुम्मा पढून निघावे. या दिवसांत भाड्यात घासाघीस करता येते. शिवाय समुद्राला लागून असलेली खोली व्यापाऱ्याला नको. दोन-चार किलोमीटर आत, बाजाराजवळ राहिले तर भाडे कमी आणि काम जास्त.

खोली घेताना

आधी फोन करून आपले पूर्ण नाव सांगूनच खोली राखावी. नाव ऐकल्यावर खोली "भरलेली" असल्याचे सांगणारे लॉजवाले आम्हाला भेटले आहेत. तशा वेळी रात्री नऊ वाजता बायकामुले आणि गाठोडी घेऊन वाद घालत उभे राहण्यापेक्षा चार दिवस आधी कळलेले बरे. पण त्याच गावात एका हिंदू मालकाने आम्हाला धुतलेली चटई आणून दिली आणि किब्ला कोणत्या बाजूला ते स्वतः सांगितले, हेही लिहिले पाहिजे. (किब्ला येथे साधारण समुद्राच्या दिशेला, किंचित उत्तरेकडे पडतो.)

बाकी गोष्टी अशा पाहाव्यात : माल ठेवायला कोरडी, कुलुपाची जागा आहे काय, टेम्पो दारापर्यंत येतो काय, पहाटे फाटक उघडतात काय, आणि पक्की पावती मिळते काय. पावती असेल तर खर्च धंद्याच्या वहीत घालता येतो. घरगुती निवासात जेवण स्वस्त व चांगले मिळते, पण काही घरे शाकाहारी असतात. तेथे बाहेरचे मटण आणून त्यांचे मन दुखवू नये. मासळीची तर कोकणात कमी नाही.

नमाजेची वेळ

देशावरून जाणारे आपण बहुतेक हनफी. कोकणी मुसलमान शाफई आहेत. त्यांच्या मशिदीत असरची अजान आपल्या वेळेपेक्षा बरीच आधी होते. जमातीच्या वेळी दुकानात मालक नसतो, म्हणून मालाची बोलणी असरच्या आधी उरकावी किंवा मगरिबनंतर ठेवावी. मशिदीत भेटलेल्या चार माणसांकडून गावच्या बाजाराचा वार, कोणत्या मोहल्ल्यात लग्न आहे आणि कोणाची उधारी बुडीत आहे, हे सर्व कळते. लॉजच्या काउंटरवर ते कळत नाही.

एक नमुना

पहिल्यांदा जाणाऱ्याने पाच रात्री धराव्यात. दोन रात्री दापोली. त्यात हर्णे, आंजर्ले. तिसऱ्या दिवशी दाभोळ करून बोटीने धोपावे आणि रात्री गुहागर. चौथ्या दिवशी तवसाळहून बोटीने जयगड आणि तेथून किनाऱ्याने रत्नागिरी. तेथे दोन रात्री. मग आंबा घाटाने किंवा रेल्वेने परत. यात एकही वाट दोनदा तुडवावी लागत नाही, आणि बंदरपट्टीचा मोठा भाग डोळ्यांखालून जातो. आतल्या गावांचे काम असेल त्यांनी गुहागरऐवजी चिपळूण धरावे.

जमिनीवर फिरून पाहण्याची शिकवण आपल्या दीनानेच दिली आहे, आणि हलाल रोजीसाठी केलेला प्रवास वाया जात नाही. रस्ता समजून घेऊन निघावे. बरकत देणारा अल्लाह आहे.