खेळाच्या नावाने टाकलेला गळ

मांडवी या शब्दाचा जुना अर्थ जकातीची चौकी असा आहे. बंदरात उतरलेला माल प्रथम मांडवीवर जाई. तो कोणाचा, कोठून आला, आत काय आहे, याची चौकशी झाल्यावाचून तो गावात येत नसे. रत्नागिरीच्या मांडवीचे नाव त्या व्यवस्थेची आठवण देते. आज घरोघरी एक निराळाच माल उतरत असतो. तो मुलाच्या हातातील मोबाईलच्या पडद्यावर येतो आणि त्या वाटेवर चौकी नसते. ती चौकी मुलाच्या मनात उभी करणे, हे काम आता प्राथमिक शिक्षकाच्या वाट्यास आलेले आहे.

ऑनलाईन खेळ खेळणाऱ्या मुलांस फसविण्याचे जे प्रकार चालतात, त्यांची माहिती व ती ओळखण्याच्या खुणा येथे दिल्या आहेत. स्वतः शिक्षक असे खेळ खेळत नसला तरी हरकत नाही. मात्र त्यातील फसवणुकीची रीत त्यास ठाऊक असली पाहिजे.

मुलाच्या दृष्टीने मोल कशाचे

या खेळांत प्रत्येक खेळाडूचे एक खाते असते. ते परवलीच्या शब्दाने उघडते. खेळाडूने मिळविलेला दर्जा, हत्यारे, ‘स्किन’ या नावाने ओळखले जाणारे पोशाख, हे सारे त्या खात्यात साठलेले असते. शिवाय प्रत्येक खेळाचे स्वतःचे नाणे असते. ‘फ्री फायर’मध्ये त्यास डायमंड म्हणतात, ‘बीजीएमआय’मध्ये यूसी, तर ‘रोब्लॉक्स’मध्ये रोबक्स. ही नाणी खरे रुपये मोजून विकत घ्यावी लागतात. वडीलधाऱ्यांस ही नुसती रंगीत चित्रे वाटतात. परंतु ज्या मुलाने दोन वर्षे खपून एखादा दर्जा मिळविला, त्याच्या लेखी ते खाते म्हणजे त्याची कमाईच होय. ठकास हे पक्के ठाऊक असते. म्हणून तो मुलास सोन्याचा लोभ दाखवीत नाही; डायमंडाचा दाखवितो.

येथे नुकसान केवळ मुलाचे होत नाही. पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि बँकेचे खातेही त्याच फोनशी जोडलेले असते. पावसाळ्यात यांत्रिक नौकांस मासेमारीची मनाई असते. त्या दिवसांसाठी एखाद्या कुटुंबाने काही रक्कम बाजूस ठेवली आहे अशी कल्पना करावी. दुपारी खेळावयास दिलेल्या फोनवरील एका चुकीच्या स्पर्शाने ती रक्कम संध्याकाळपर्यंत नाहीशी होऊ शकते.

नाव आणि रीत

या फसवणुकीस फिशिंग म्हणतात. इंग्रजीत त्याचा उच्चार मासे पकडणे या अर्थाच्या शब्दासारखाच आहे. केवळ आरंभीची अक्षरे निराळी लिहितात. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ‘अमेरिका ऑनलाईन’ या कंपनीच्या ग्राहकांस, आपण कंपनीचेच कर्मचारी आहोत अशी बतावणी करून परवलीचा शब्द मागणारे संदेश येऊ लागले. त्या सुमारास हे नाव रूढ झाले.

मिरकरवाड्याच्या धक्क्यालगत वाढलेल्या मुलास गळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पाण्यात आमिष दिसते, गळ दिसत नाही. आणि मासा आपण होऊन त्याकडे येतो. फिशिंगमध्येही ठक कुलूप फोडीत नाही. मालकाने आपल्या हाताने किल्ली द्यावी, एवढीच तो तजवीज करतो. ही गोष्ट मुलांच्या मनावर नीट ठसली म्हणजे पुढील सर्व खुणा सहज समजतात.

आमिषाचे चार प्रकार

पहिला प्रकार फुकट बक्षिसाचा. ‘आज रात्रीपर्यंत पाच हजार डायमंड विनामूल्य’ असा संदेश येतो. त्यातील दुव्यावर बोट ठेवताच खेळाच्या कंपनीच्या पानासारखे हुबेहूब पान उघडते. तेथे नाव व परवलीचा शब्द भरला की तो थेट ठकाकडे जातो. डायमंड येत नाहीत, आणि थोड्या वेळाने खातेही उघडत नाही.

दुसरा प्रकार मित्राच्या नावाचा. ‘आमच्या संघास मत दे’ किंवा ‘चुकून तुझ्याविरुद्ध तक्रार केली गेली, खाते बंद होण्यापूर्वी या अधिकाऱ्याशी बोल’ असा निरोप ओळखीच्या खेळाडूकडून येतो. वस्तुतः त्या मित्राचे खाते आधीच चोरीस गेलेले असते आणि लिहिणारा दुसराच कोणी असतो. ओळखीच्या नावामुळे सावध मूलही येथे फसते.

तिसरा प्रकार बाहेरून आणलेल्या खेळाचा. भारत सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी मोबाईल’वर आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’वर बंदी घातली. असा खेळ अधिकृत दुकानात मिळेनासा झाला की ‘तो येथे मिळेल’ असे सांगणारी फाईल पुढे करणे ठकास सोपे जाते. ‘हे बसविले की कधीच हरणार नाही’ असे सांगणाऱ्या फाईलीही याच जातीच्या. त्यांत लपविलेला प्रोग्राम फोनवर येणारे बँकेचे संदेश वाचू शकतो.

चौथा प्रकार खरेदी-विक्रीचा. मूल आपले खाते विकावयास काढते. घेणारा म्हणतो, ‘पैसे पाठवीत आहे, हा चौकोनी कोड टिपून पिन घाल.’ पैसे येण्याऐवजी जातात. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. हे एक वाक्य प्रत्येक मुलास तोंडपाठ असावे.

ओळखण्याच्या खुणा

प्रकार बदलत राहतील. म्हणून मुलांस प्रकारांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा चौकीदाराचे तीन प्रश्न शिकवावेत : हा निरोप कोणाकडून आला? तो काय मागतो? तो कोठे नेतो?

कोणाकडून आला, हे केवळ नाव व चित्र पाहून ठरवू नये. ती दोन्ही कोणासही लावता येतात. मित्राचा निरोप असेल तर त्यास शाळेत विचारावे किंवा फोन करून त्याचा आवाज ऐकावा. बक्षिसाचा निरोप असेल तर दुव्यावर न जाता खेळ नेहमीच्या रीतीने उघडून आत तशी सूचना आहे काय ते पाहावे.

काय मागतो, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. परवलीचा शब्द, बँकेकडून आलेला ओटीपी आणि पिन या तीन गोष्टी मागणारा निरोप ठकाचाच समजावा. मग तो कितीही गोड असो वा कितीही दटावणीचा असो. खेळ चालविणारी कंपनी निरोप पाठवून परवलीचा शब्द विचारीत नाही. पैसे लावून खेळण्याचे निमंत्रणही याच पंक्तीतले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन खेळांविषयी कायदा संमत केला. पैशाचे ऑनलाईन खेळ पुरविणे व त्यांची जाहिरात करणे यांस त्या कायद्यात मनाई आहे.

कोठे नेतो, हे दुव्याच्या पत्त्यावरून कळते. त्यासाठी मुलास पत्ता वाचावयास शिकवावे. टपालाच्या पत्त्यावर आरंभी घराचे नाव असते आणि शेवटी गाव व जिल्हा असतो. घरास ‘मांडवी निवास’ असे नाव दिले, तरी शेवटी जिल्हा ठाणे लिहिला असेल तर पत्र मांडवीस येत नाही. संकेतस्थळाचेही तसेच आहे. आरंभीचे ‘एचटीटीपीएस’ व त्यापुढील दोन तिरप्या रेघा सोडून द्याव्यात. त्यानंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेपूर्वीचे शेवटचे दोन तुकडे पाहावेत; खरा मालक तेथे असतो. ‘सीओ.इन’सारखी अखेर असल्यास तीन तुकडे पाहावेत. ‘खेळ.कॉम’ हे खऱ्या कंपनीचे स्थळ आहे असे मानले, तर ‘खेळ.कॉम.बक्षीस.टॉप’ हे स्थळ ‘बक्षीस.टॉप’ या मालकाचे ठरते, आरंभीचे ‘खेळ.कॉम’ हे केवळ दारावर लटकविलेले नाव होय. अक्षरांतील फरकही बारकाईने पाहावा. इंग्रजी ‘ओ’च्या जागी शून्य किंवा ‘एल’च्या जागी एकचा आकडा घालणे ही जुनी युक्ती आहे. पत्त्याजवळ कुलपाचे चिन्ह दिसले म्हणून मालक प्रामाणिक ठरत नाही. मधल्या वाटेत कोणी मजकूर वाचू शकणार नाही, एवढेच ते चिन्ह सांगते.

या तीन प्रश्नांच्या जोडीला आणखी एक खूण आहे, ती घाईची. ‘दहा मिनिटांत’, ‘आत्ताच’, ‘नाहीतर खाते बंद’ हे शब्द मुलास विचार करण्यास वेळ मिळू नये म्हणून घातलेले असतात. ‘घरी सांगू नकोस’ हे शब्द आले, तर पुढे तपास करण्याचीही गरज नाही.

फसवणूक झाल्यास

पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ फोन करावा व बँकेस कळवावे. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या ‘सायबरक्राईम.जीओव्ही.इन’ या संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. तक्रार लवकर पोहोचली तर रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्यापूर्वी ती रोखून धरण्याची संधी मिळते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ही वेळेची बाब स्पष्ट केली होती. ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेस कळवीपर्यंत होणारे नुकसान त्याचे. कळविल्यानंतर होणारे बँकेचे, असे त्यात ठरविले होते.

संशयित फाईल बसविली असेल तर फोनचे इंटरनेट प्रथम बंद करावे. खेळाचा व ई-मेलचा परवलीचा शब्द दुसऱ्या फोनवरून बदलावा व सर्व ठिकाणचे प्रवेश बंद करावेत. ई-मेल ही इतर सर्व खात्यांची किल्ली असते, हे विसरू नये. निरोप पुसून न टाकता त्यांची पडद्यावरील चित्रे जपून ठेवावीत. मुलाच्या मित्रांस सावध करावे, कारण पुढचा गळ त्याच्याच नावाने टाकला जातो. ‘गेलेले पैसे परत मिळवून देतो’ असे सांगत येणारा मनुष्य बहुधा दुसरा ठक असतो. मदतीचा क्रमांक इंटरनेटवर धुंडाळून न घेता बँकेच्या पासबुकावरूनच घ्यावा.

शिक्षकाचे काम

ही सर्व उपाययोजना एका गोष्टीवर अवलंबून आहे. मुलाने सांगितले पाहिजे. मूल बहुधा सांगत नाही, कारण त्यास माराची भीती वाटते आणि त्याहून अधिक लाज वाटते. ते गेलेले पैसे भरून काढण्याचा एकट्याने प्रयत्न करते आणि पुन्हा फसते. ठकाच्या हाती जो वेळ पडतो, तो मुलाच्या या मौनामुळे पडतो. ‘खेळत बसलास म्हणून असे झाले’ हे वाक्य कितीही खरे असले तरी त्या घटकेस उच्चारू नये. प्रौढ माणसेही अशीच फसतात. जुलै २०२३ मध्ये नागपूर येथे एका व्यापाऱ्याने ऑनलाईन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार उघडकीस आली. खाते उघडण्याचा दुवा त्यास व्हॉट्सॲपवरून मिळाला होता. जेथे अनुभवी व्यापारी फसतो, तेथे बारा वर्षांच्या मुलास मूर्ख ठरविणे न्याय्य नाही.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने १० डिसेंबर २०२१ रोजी पालक व शिक्षक यांच्यासाठी या विषयावर सूचना प्रसिद्ध केल्या. पालकांच्या संमतीवाचून खेळात खरेदी करू देऊ नये, अनोळखी ठिकाणाहून काही उतरवून घेऊ नये, खेळातील नाव खऱ्या नावाहून निराळे असावे, काही विपरीत घडल्यास पडद्याचे चित्र घेऊन कळवावे, असे त्यांत सांगितले आहे. पालकसभेत या सूचना वाचून दाखवाव्यात. खेळाच्या व ई-मेलच्या खात्यास दोन टप्प्यांची पडताळणी कशी लावावी, हेही तेथे एका फोनवर करून दाखवावे.

वर्गासाठी एक तास पुरेसा आहे. फळ्यावर चार निरोप लिहावेत; दोन खरे, दोन खोटे. वर्गाच्या दारात दोन विद्यार्थ्यांस मांडवीवरील चौकीदार म्हणून उभे करावे आणि इतरांनी एकेक निरोप घेऊन आत येण्याची परवानगी मागावी. चौकीदारांनी तीन प्रश्न विचारून निरोप आत सोडावा वा अडवावा, आणि कारण मोठ्याने सांगावे. चूक झाल्यास वर्गाने हसू नये, असा नियम आरंभीच करावा. तासाच्या शेवटी १९३० हा क्रमांक प्रत्येकाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावा. त्याखाली ज्यांस निर्भयपणे सांगता येईल अशा दोन मोठ्या माणसांची नावेही लिहावीत. त्यांतील एक नाव आपल्या गुरुजींचे किंवा बाईंचे असावे, असे मुलांस वाटेल इतका विश्वास वर्गात असेल, तर निम्मे काम झाले असे समजावयास हरकत नाही.