मान डोलली, अर्थ पोचला का?

धडा संपतो. "समजले ना?" असे शिक्षक विचारतात. सारा वर्ग मान डोलावतो आणि त्याबरोबर पहिल्या बाकावरचा कर्णबधिर मुलगाही डोलावतो. अर्थ उमगला म्हणून त्याने होकार दिला, की शेजाऱ्याची मान हलली म्हणून, हे त्या होकारावरून कळत नाही. पुढे त्याची उत्तरपत्रिका कोरी येते आणि 'मुलगा मंद आहे' असा शिक्का बसतो. वस्तुतः त्याच्या बुद्धीची परीक्षा झालेलीच नसते. प्रश्नच त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो. म्हणूनच अशा विद्यार्थ्याचे वर्गातील संवादकौशल्य पारखणे अगत्याचे ठरते.

ही पारख केवळ श्रवणचाचणीवरून होत नाही. ती चाचणी शांत, बंदिस्त खोलीत घेतली जाते. वर्गात पंखा घरघरतो, बाके सरकतात, भिंतींवरून आवाज घुमतो. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. श्रवणयंत्र शब्दाबरोबर गोंगाटही वाढविते. शिक्षकाचा आवाज भोवतालच्या गोंगाटाहून निदान १५ डेसिबल चढा असावा, असे तज्ज्ञ सांगतात, ते यासाठीच.

ओठांवरून बोलणे ओळखता येते, पण तेही अर्धेमुर्धेच. 'पार', 'बार' आणि 'मार' हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. 'काय' आणि 'गाय' यांतील भेद तर ओठांवर उमटतच नाही. उरलेला अर्थ मुलाला संदर्भावरून जुळवावा लागतो. शिक्षक फळ्याकडे वळून बोलू लागले, की तो आधारही तुटतो.

मग पारख करावी कशी? सारख्याच अवघडपणाच्या लहान गोष्टी निरनिराळ्या रीतींनी सांगाव्यात: एक समोर बसून, एक ओठ झाकून, एक खोलीच्या टोकावरून, एक सांकेतिक भाषेत, एक लिहून. ओठ झाकताना तोंडापुढे विरळ कापड धरावे, म्हणजे आवाज दबत नाही. गोष्ट संपल्यावर "समजली का?" असे न विचारता ती मुलाला पुन्हा सांगू द्यावी, बोलून, खुणांनी, लिहून वा चित्र काढून. उच्चार अस्पष्ट म्हणजे समज कमी, ही चूक त्यामुळे टळते. सांकेतिक भाषेतील उत्तर मात्र ती भाषा उत्तम जाणणाऱ्यानेच तपासावे.

यानंतर प्रत्यक्ष वर्गात निरीक्षण करावे. चर्चेत कोण बोलतो आहे हे मुलाला वेळीच कळते का? न समजल्यास ते पुन्हा विचारते की गप्प राहते? "काय?" एवढेच विचारणारे मूल आणि "सहल सोमवारी की मंगळवारी?" असे नेमके विचारणारे मूल, यांच्या कौशल्यात मोठे अंतर आहे, आणि हे कौशल्य शिकविता येते.

कर्णबधिरांचे शिक्षण दीर्घकाळ उच्चारांच्याच मापाने मोजले गेले. १८८० साली मिलान येथील परिषदेने शाळांतून सांकेतिक भाषा वर्ज्य करण्याचा ठराव केला. तो २०१० साली व्हँकूव्हरच्या परिषदेत नाकारला गेला. भारतात २०१५ साली नवी दिल्ली येथे भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषेला संवादाचे साधन म्हणून स्थान दिले.

संवादाला दोन बाजू असतात. त्यामुळे या पारखीचे फळ म्हणजे मुलाला दिलेला एखादा गुणांक नव्हे. मुलाने कोठे बसावे, शिक्षकांनी कोणीकडे तोंड करून बोलावे, कोणती सूचना फळ्यावर लिहावी, दुभाषा केव्हा हवा, हे तिच्यातून ठरले पाहिजे. ते ठरले आणि पाळले गेले, तर पहिल्या बाकावरच्या मुलाला शेजाऱ्याकडे पाहून मान डोलवावी लागणार नाही.