मुलांसाठी लॅपटॉप घेताना

बारावीचा निकाल लागतो, प्रवेश होतो, फीची कशीबशी तजवीज होते आणि मग घरात नवा विषय निघतो तो लॅपटॉपचा. मुलगा म्हणतो, सगळ्यांकडे आहे. वडील म्हणतात, मोबाईल आहे ना. शेवटी ओळखीतल्या एखाद्या ‘जाणकारा’ला सोबत घेऊन बाप-लेक बाजारात जातात आणि तासाभरात वर्षाची शिल्लक मोजून परत येतात. मालेगाव-भिवंडीचा मागवाला जुना यंत्रमाग घेताना मोटार चालवून बघतो, फणीवरून हात फिरवतो, दोन दिवस विचार करतो. मिरजेचा सतार करणारा कारागीर भोपळा नीट पारखल्याशिवाय पैसे काढत नाही. हीच माणसे लॅपटॉप मात्र स्टिकर वाचून घेतात. म्हणून या वेळी या पानावर त्याच मालाची पारख कशी करावी ते सांगत आहोत.

आमच्या परिचयातल्या एका टेलर मास्टरांची गोष्ट आहे. मुलीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. मास्टरांनी सव्वीस हजारांत जुना लॅपटॉप घेतला. दुकानदाराने सांगितले, ‘आय-७’ आहे, याच्यावर काही नाही. पहिले वर्ष निघाले, कारण पहिल्या वर्षी बरेचसे काम हाताने आणि कागदावर होते. दुसऱ्या वर्षी इमारतीचे आराखडे संगणकावर काढायची वेळ आली तेव्हा मुलगी म्हणाली, अब्बा, फाईल उघडायला टाकून मी जेवून येते. मास्टर आमच्याकडे ती मशीन घेऊन आले. आम्ही खाली छापलेला नंबर वाचला. आय-७ खरा, पण सहाव्या पिढीचा. दुकानदार खोटे बोलला नव्हता, फक्त अर्धे बोलला होता. मास्टरांना वर्षभरात दुसरा लॅपटॉप घ्यावा लागला. पहिल्याच्या पैशात त्यांच्या दुकानात आणखी एक जूकी मशीन बसली असती.

तेव्हा पहिली गोष्ट प्रोसेसरची. आय-३, आय-५, आय-७ हा झाला दर्जा. त्याच्या पुढे जो आकडा असतो तो पिढी सांगतो, आणि खरी किंमत तिथे असते. इंटेलच्या या मालिकेत पुढचा आकडा १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक वाचावेत, नाहीतर पहिला एकच. म्हणजे आय-७ ६६०० यू हा सहाव्या पिढीचा, आणि आय-३ १२१५ यू हा बाराव्या पिढीचा. त्या सहाव्या पिढीच्या आय-७ मध्ये दोन कोर आहेत, म्हणजे काम करणारे दोन हात. बाराव्या पिढीच्या आय-३ मध्ये सहा. नाव मोठे कोणाचे आणि काम जास्त कोणाचे, हे यावरून कळावे.

एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरलाही हीच खबरदारी लागते, आणि तिथे गंमत आणखी वेगळी आहे. त्यांच्या ७००० च्या मालिकेत पहिला अंक विक्रीचे साल दाखवतो, आतली रचना तिसरा अंक सांगतो. रायझन ५ ७५२० यू आणि रायझन ५ ७५३० यू शेजारी ठेवले तर ग्राहकाला दहाचा फरक दिसतो. प्रत्यक्षात पहिल्याची रचना २०१९ मध्ये आलेल्या झेन-२ ची आहे आणि दुसऱ्याची तिच्या पुढच्या झेन-३ ची. जुन्या ताग्यावर नवा शिक्का मारून विकणे आपल्या बाजाराला नवीन नाही. इंटेलनेही २०२३ च्या अखेरीपासून नव्या मालावरचे ‘आय’ अक्षर काढून कोअर ५, कोअर अल्ट्रा ५ अशी नावे सुरू केली आहेत. म्हणून बिल करण्यापूर्वी प्रोसेसरचा पूर्ण नंबर कागदावर लिहून मागावा. जो दुकानदार ‘आय-५ आहे ना साहेब’ एवढ्यावरच भागवतो, त्याच्याकडून उठावे.

पिढीचा प्रश्न फक्त वेगाचा नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. पुढची विंडोज ११ ही अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच चालते. सातव्या आणि त्याच्या आधीच्या पिढीचे लॅपटॉप कंपन्यांतून निघून ढिगाने बाजारात येतात आणि स्वस्त दिसतात ते याच कारणाने. काही दुकानदार आडवाटेने विंडोज ११ घालून देतात. ते चालतेही. पण त्याची हमी मायक्रोसॉफ्ट घेत नाही, आणि चार वर्षे शिकणाऱ्या मुलाच्या गळ्यात असा माल बांधण्यात शहाणपण नाही. गंमत अशी की आठव्या पिढीतच या हलक्या लॅपटॉपमधले आय-५ दोन कोरवरून चार कोरवर आले. म्हणजे जुना घ्यायचाच तर आठव्याच्या खाली उतरू नये, ही एकच रेघ लक्षात ठेवली तरी निम्मी फसवणूक टळते.

आता कोणासाठी घ्यायचा ते बघू. दुकानात जाण्यापूर्वी मुलाने त्याच कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारावे की कोणती सॉफ्टवेअर लागतात आणि कधीपासून लागतात. याला पैसा पडत नाही आणि याहून चांगला सल्ला कुठे मिळत नाही.

कॉमर्स, कला, कायदा, डी.एड., बी.यू.एम.एस. या मुलांचे काम टायपिंग, इंटरनेट, एक्सेल, फार तर टॅली. त्यांना नव्या पिढीचा आय-३ किंवा त्याच तोडीचा रायझन पुरतो. त्यांच्यासाठी महागडा ‘गेमिंग’ लॅपटॉप घेणे म्हणजे भाजी आणायला ट्रक ठेवणे. बी.सी.ए. आणि कॉम्प्युटर इंजिनीअरिंगवाल्यांना रॅम जास्त लागते, वेगळे ग्राफिक कार्ड सहसा लागत नाही. खरा खर्च आर्किटेक्चर, सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांचा. त्यांना १६ जीबी रॅम आणि निदान ४ जीबीचे स्वतंत्र ग्राफिक कार्ड लागते, आणि लॅपटॉप विंडोजचाच हवा. कारण रेव्हिट, सॉलिडवर्क्स ही सॉफ्टवेअर मॅकवर सरळ चालत नाहीत. क्रोमबुक नावाचा स्वस्त लॅपटॉप मिळतो, त्यावर यातले काहीच बसत नाही. मात्र इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी बहुतेक विषय सामाईक असतात आणि कॉलेजात लॅब असते. वर्षभर थांबता आले तर थांबावे. दुसऱ्या वर्षी त्याच पैशात बहुधा पुढच्या पिढीचा माल मिळतो आणि मुलाला शाखाही पक्की कळलेली असते.

एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो आणि मुलांना ती आवडत नाही. मुलगा घरी राहून शिकत असेल आणि कॉलेजात लॅपटॉप नेण्याची सक्ती नसेल, तर टेबलावरचा संगणक घेण्याचा विचार करावा. तेवढ्याच पैशात जास्त ताकद मिळते, पुढे एकेक भाग बदलता येतो आणि गल्लीतला कारागीरही तो दुरुस्त करतो. वीज जाणाऱ्या गावात त्याला छोटा यूपीएस मात्र धरावा लागेल.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. रॅम आज ८ जीबीने काम भागते, पण तीन-चार वर्षांचा विचार केला तर १६ हवी. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपचे भाव बरेच चढले, त्यामुळे ‘नंतर वाढवू’ हा हिशेब आधी करून बघावा. शिवाय अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, ती पुढे वाढवताच येत नाही. रिकामा स्लॉट आहे का, हे विचारावे. साठवणीसाठी एसएसडी ५१२ जीबीची असावी. अगदी स्वस्त मालात ईएमएमसी नावाची ६४ किंवा १२८ जीबीची साठवण असते, ती टाळावी. पडदा फुल एचडी असावा आणि बाजूने पाहिले तर रंग उडू नये. वजन हातात उचलून बघावे. ग्राफिक कार्डवाला लॅपटॉप चार्जरसह अडीच किलोच्या पुढे जातो आणि तो रोज एसटीने किंवा लोकलने न्यायचा असतो. डीओएस किंवा लिनक्सवाला लॅपटॉप स्वस्त दिसतो, पण विंडोजचे पैसे वेगळे पडतात.

सॉफ्टवेअरवर मात्र खर्च करण्याची घाई नको. ऑटोडेस्क कंपनी मान्यताप्राप्त संस्थेतल्या विद्यार्थ्याला ऑटोकॅड, रेव्हिट शिक्षणासाठी मोफत देते. टॅलीची शिकण्यासाठीची आवृत्ती मोफत आहे, फक्त तीत ठरावीक तारखांच्याच नोंदी होतात. दुकानदार ‘सगळे टाकून देतो’ म्हणतो ते चोरीचे असते, आणि व्हायरसही बहुधा त्याच वाटेने येतो.

जुना लॅपटॉप घेणे वाईट नाही. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असे मजबूत लॅपटॉप काढून टाकतात आणि ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात येतात. पण तिथे घाई करू नये. पांढरे पान उघडून पडद्यावर डाग बघावेत, एकेक बटण दाबून बघावे, बिजागरी दहा वेळा उघड-मीट करावी. दुकानदाराला विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगावा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज भरणारी क्षमता अशा दोन ओळी असतात. दुसरी पहिलीच्या साठ टक्क्यांवर आली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करायला लावावी. मशीन बंद करून पुन्हा सुरू करावी आणि बायोसमध्ये जाता येते का बघावे. तिथे जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिला असेल तर ते कुलूप नंतर तुमच्या गळ्यात पडते.

आता पैशाचे. ‘नो कॉस्ट ईएमआय’चे फलक सगळीकडे दिसतात आणि आमच्या वाचकांपैकी अनेक जण आम्हाला विचारतात की यात व्याज नसते ना? कार्डावरच्या या योजनेत साधारण होते ते असे : बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढीच सूट आधी देऊन ते झाकतो. कार्डाच्या पत्रकावर व्याज हे व्याज म्हणूनच छापून येते, त्यावर १८ टक्के जीएसटी ग्राहकाला पडतो, आणि प्रक्रिया शुल्क वेगळे. रिझर्व्ह बँकेनेही २०१३ साली बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, ते शुल्काच्या नावाखाली लपवले जाते. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी दुकानदाराला सरळ विचारावे की रोखीने दिले तर ती सूट मला मिळेल का. पुष्कळदा मिळते. ओळखीचा दुकानदार ठरलेल्या एकाच किमतीवर स्वतः दोन-तीन हप्ते करून देतो, तोही मार्ग आहे. फक्त कागदावर लिहून घ्यावे.

आमचे काही व्यापारी बंधू मुलाच्या लॅपटॉपचे बिल दुकानाच्या जीएसटी नंबरावर घेतात आणि १८ टक्क्यांचे क्रेडिट लावतात. हे कायद्यात बसत नाही. घरगुती वापराच्या मालावर क्रेडिट मिळत नाही, आणि कंपोझिशनमध्ये असणाऱ्याला तर कशावरच मिळत नाही. पुढे नोटीस आली तर कर आणि व्याज दोन्ही भरावे लागते. लॅपटॉप खरोखर दुकानाच्या हिशेबासाठीही वापरणार असाल तर आधी आपल्या सी.ए.ला विचारावे.

बिल मात्र पक्केच घ्यावे आणि त्यावर सिरियल नंबर लिहिलेला असावा. तोच नंबर खोक्यावर आणि लॅपटॉपच्या तळाशी आहे ना, हे दुकानातच ताडून पाहावे. नंतर कंपनीच्या संकेतस्थळावर तो नंबर घालून वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झाली ते बघावे. नव्या म्हणून घेतलेल्या मालाची तारीख चार महिन्यांपूर्वीची निघाली तर बिल दाखवून ती दुरुस्त करून घेता येते. हे काम पहिल्या आठवड्यातच उरकावे, आणि बिलाचा फोटो काढून ठेवावा. थर्मल कागदावर छापलेल्या बिलाची अक्षरे काही काळाने उडून जातात.