सॉरी, जांभई तुमच्यामुळे नाही!

तर झालं असं की, मी एका कंपनीच्या सीईओ बाईंची मुलाखत घेत होते. कव्हर स्टोरी होती, म्हणजे माझ्यासारख्या फ्रीलान्सरसाठी दिवाळीच! त्या मन लावून सांगत होत्या, घरच्यांचा विरोध कसा होता, पहिलं कर्ज कसं मिळालं... आणि मी जांभई दिली. जबडा निखळेल अशी. सॉरी म्हटलं. दोन मिनिटांत दुसरी. पाचव्या जांभईला त्यांनी घड्याळ पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, ‘‘आपण नंतर बोलूया का?’’

ते ‘नंतर’ आलंच नाही. स्टोरी दुसऱ्या कुणीतरी केली.

खरं सांगू? रात्री आठ तास झोपले होते. बोअरही अजिबात होत नव्हतं. ती जांभई माझी नव्हतीच, गोळीची होती. एसिटॅलोप्राम, १० मिलिग्रॅम.

त्याआधीच्या जुलैत माझी अवस्था अशी होती, की दात घासायला उठायचं म्हणजे अर्धा तास स्वतःशी वाटाघाटी. आईचा फोन आला की ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणायचे. फ्रीलान्सरला कसली आलीये मीटिंग! शेवटी नवरा कोथरूडमधल्या एका सायकिअ‍ॅट्रिस्टकडे घेऊन गेला. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, ‘‘फायदा दिसायला चार ते सहा आठवडे लागतील. त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होऊ शकतो.’’ म्हणजे आधी बिल, मग जेवण!

पहिले दहा दिवस नुसतं मळमळत होतं. आपल्या शरीरातलं सुमारे ९० टक्के सिरोटोनिन मेंदूत नाही, तर आतड्यांत असतं. त्यामुळे मूड सुधारायच्या आधी पोट बिघडतं. हे मात्र गेलं. आणि पाचव्या आठवड्यात एके सकाळी लक्षात आलं, की मी पोहे केलेत. नुसते खाल्ले नाहीत, केलेत! शेंगदाणे तळून, वर खोबरं, कोथिंबीर वगैरे. गोळी काम करत होती, यात शंकाच नाही.

म्हणूनच तक्रार करायला जीभ रेटेना. जांभया सुरूच. रात्री घाम, तोही डिसेंबरात, पुण्यात, पंखा बंद असताना. टी-शर्ट पिळून काढावा इतका. आणि तिसरी गोष्ट, जी मी मॅडमना चार महिने सांगितलीच नाही.

बेडरूममधली गोष्ट

इच्छाच मेली होती. दुःख नाही, राग नाही, नवऱ्याबद्दल तक्रार तर मुळीच नाही. फक्त कुणीतरी मेन स्विच बंद केल्यासारखं. क्वचित जवळ आलोच तरी शरीर काही केल्या शेवटापर्यंत जाईना. तो बिचारा काही बोलला नाही. एकदाच अंधारात विचारलं, ‘‘माझं काही चुकतंय का गं?’’ मी ‘दमलेय रे’ म्हणून कूस बदलली.

त्या सीईओ बाईंना वाटलं, त्या बोअर करताहेत. याला वाटलं, हा नकोसा झालाय. दोघांनाही खरं कारण सांगणारी एकच व्यक्ती होती, आणि ती गप्प होती.

मग मी महामूर्खपणा केला. एक मैत्रीण म्हणाली, ‘‘अगं, बरं वाटतंय ना आता? मग सोड की!’’ सोडली. कुणालाही न विचारता, एका शुक्रवारी. हे औषध शरीरात निम्मं व्हायला साधारण तीस तास लागतात, त्यामुळे शनिवार मस्त गेला. सोमवारी मान वळवली की डोक्यात चटकन करंट बसायचा. डिलिव्हरी बॉयवर विनाकारण ओरडले आणि दार लावून रडले. वाटलं, जुलै परत आला.

मॅडम म्हणाल्या, ‘‘आजार परतला नाही, गोळी अचानक सोडल्याचा झटका आहे. व्यसन नाही हे. पण शरीराला तिची सवय झालेली असते. बंद करायची तर हळूहळू, मला विचारून.’’ त्याच भेटीत मी पर्समधून कागद काढून टेबलावर सरकवला. तोंडाने बोलवेना म्हणून सगळं लिहून नेलं होतं. त्यांनी वाचलं आणि मान वर न करता विचारलं, ‘‘कधीपासून?’’ बस, एवढंच!

त्यांच्यासाठी ती रोजची गोष्ट होती. या प्रकारच्या गोळ्यांचा हा अगदी कॉमन साइड इफेक्ट. पण पेशंट आपणहून क्वचितच बोलतात, विशेषतः बायका. (पुरुषही कुठे बोलतात म्हणा!) मग पर्याय निघाले. थोडं थांबायचं, डोस कमी करायचा, नाहीतर औषध बदलायचं. मिर्टाझापिन हा एक, पण त्याने भूक आणि झोप वाढते, मी नको म्हटलं. आमचं ठरलं बुप्रोपिऑनवर, जे सिरोटोनिनऐवजी डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिनवर काम करतं. त्याआधी मॅडमनी कधी फिट आली होती का, हे दोनदा विचारलं, कारण या औषधाने तो धोका वाढतो. जुनी गोळी आधी पाचवर, मग बंद.

मी हेही विचारलं, की हा त्रास कायमचा राहतो का? बहुतेकांचा जातो. पण काही जणांना गोळी बंद केल्यावरही लैंगिक त्रास राहिल्याचं नोंदलं गेलंय, आणि २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी तो इशारा माहितीपत्रकात घालायला सांगितला. ऐकून पोटात गोळा आला. पण सुरुवातीलाच कळलं असतं, तर चार महिने गप्प बसले नसते. (आपल्याकडे साइड इफेक्ट पेशंटलाही कळवता येतो बरं का! १८००-१८०-३०२४, टोल फ्री.)

घरी येऊन तोच कागद नवऱ्याच्या हातात दिला. त्याने दोनदा वाचला. मग म्हणाला, ‘‘मला वाटलं, मीच नकोसा झालोय तुला.’’ आणि उठून चहा टाकला. आमच्याकडे एरवी चहा मीच टाकते.

आता जांभया बंद. घाम बराच कमी. तोंडाला मात्र कोरड पडते, बाटली सतत जवळ लागते, आणि गोळी सकाळीच घ्यावी लागते, नाहीतर रात्री टक्क जागी. तिसऱ्या गोष्टीचं म्हणाल तर... येतंय हळूहळू. पूर्वीसारखं अजून नाही. पूर्ण बरं वाटायला लागल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवायचंय, त्यामुळे कॅलेंडरवर खुणा करणं मी सोडून दिलंय.

त्या सीईओ बाईंना लिहिलेला मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. पण हा अंक त्यांच्या रिसेप्शनवर येतो. मुलाखतीच्या दिवशी पाहिला होता.