मन भरून वाहते तेव्हा

सन १८७७ मध्ये वडिलांच्या कामानिमित्त रायपूरला निघालेला चौदा वर्षांचा नरेंद्र दत्त, नागपूरपुढचा रानातला प्रवास बैलगाडीने करीत असता, डोंगराच्या कपारीतले मधमाश्यांचे प्रचंड पोळे पाहून विस्मयाने इतका भरून गेला की काही काळ त्याचे बाह्य भान हरपले, असे पुढे विवेकानंद झालेल्या या मुलाच्या चरित्रांत नमूद आहे. त्या अनुभवाच्या आध्यात्मिक अंगाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु रायपूरच्या बूढा तालाबाच्या काठाने जाताना तो मुलगा मला आठवतो, आणि भावनेने भान हरपणे म्हणजे मनाचा दुबळेपणा, हा आपल्या घराघरांतला समज किती उथळ आहे, हे नव्याने जाणवते.

वस्तुतः संकटाची वर्दी मेंदूतील अमिग्डाला नामक बदामाएवढ्या केंद्राला पोचली की, विवेकाची परवानगी न घेताच अॅड्रेनालिन रक्तात उतरते, छाती धडधडते, हातपाय गार पडतात. हा शरीराचा बंदोबस्त आहे, स्वभावाचा दोष नव्हे. म्हणूनच रायपूरच्या तात्यापाऱ्यातली एखादी आजी ‘मला घाबरं होतंय गं’ म्हणाली असता ‘मन घट्ट करा’ हे फर्मान निष्फळ ठरते. श्वास मात्र ऐकतो. तो घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ दिला की हृदयाची गती मंदावते. (छातीत कळ येत असेल, तर ती भावनेच्या खाती टाकू नये, आधी हृदयाची तपासणी तातडीने करावी.)

दुसरा समज असा की आदळआपट केल्याने राग निचरतो. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, चिडवणाऱ्याला मनात आणून ठोसे मारणारे लोक स्वस्थ बसलेल्यांहून अधिक संतप्त आढळले. उलट ‘मला भीती वाटते आहे’, ‘मला अपमान वाटला’ असे भावनेला तिचे नाव दिले की अमिग्डालाची चेतना उतरते, असे मॅथ्यू लीबरमन यांचा २००७ चा प्रयोग सुचवितो.

आणि तिसरा समज मला सर्वांत क्लेशकारक वाटतो, कारण तो मायेच्या पोटी जन्मतो. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या साथीमुळे ९ तारखेपासून रायपूर बंद असताना, ज्यांना आपल्या माणसाचे अंत्यदर्शनही लाभले नाही, त्यांना ‘सगळे सांगून टाक, मोकळे वाटेल’ असा आग्रह होई. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचार पुस्तिका याच्या विरुद्ध सांगते: कैफियत बळेच वदवून घेऊ नये, जवळ बसावे, पाणी द्यावे, जेवणाची, निजेची, घरच्यांशी संपर्काची तजवीज करावी, आणि ती व्यक्ती बोलेल तेव्हा ऐकावे.

मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्यास बभ्रा होईल, ही भीतीही अनाठायी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी उपचाराचा हक्क दिला आहे, तसाच गोपनीयतेचाही. झोप, अन्न, कामकाज ही आठवडेच्या आठवडे विस्कळीत राहिली तर एम्सच्या किंवा अन्य रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे. जीव नकोसा वाटू लागला तर मात्र त्याच घटकेला, मध्यरात्र असली तरी, टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक फिरवावा, आणि घरातल्या कुणाला तरी उठवून शेजारी बसवावे.