रात्रीची झाकपाक: लढाई ओलाव्याशी

जेवणे आटोपली, उष्टी-खरकटी निघाली, की मराठी घरातील स्वयंपाकघरात एक-दोन कामे ठरल्याप्रमाणे होतात. कोमट दुधाला चमचाभर दह्याचे विरजण लागते. दुसऱ्या दिवशी इडलीचा बेत असेल तर वाटलेले पीठ मोठ्या पातेल्यात झाकून ठेवले जाते. घर झोपी जाते, पण या पातेल्यांमधले काम रात्रभर चालू असते. सकाळी दही घट्ट लागलेले असते आणि पीठ फुगून झाकणाला टेकलेले असते. यासाठी लागते काय? थोडी ऊब, ओलावा, अन्न आणि सात-आठ तासांची निवांत वेळ.

हेच चार घटक त्याच रात्री, त्याच स्वयंपाकघरात आणखीही काही ठिकाणी एकत्र आलेले असतात. मोरीत पाणी ओतून ठेवलेल्या खरकट्या भांड्यांत, नळावर बोळा करून टाकलेल्या ओल्या फडक्यात, ओट्यावर राहून गेलेल्या भाताच्या पातेल्यात आणि कचऱ्याच्या डब्यातही. विरजणातले जीवाणू माणसाने जाणीवपूर्वक घातलेले असतात. मोरीत कोण वाढणार, हे मात्र कोणी ठरविलेले नसते. फरक इतकाच, नियम दोन्हीकडे एकच.

रात्रीच्या आवराआवरीकडे आपल्याकडे टापटिपीची, फार तर शिस्तीची बाब म्हणून पाहिले जाते. 'खरकटी भांडी रात्रभर ठेवली की लक्ष्मी रुसते' असे जुनी माणसे म्हणत. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी त्या सांगण्यामागचा व्यवहार पक्का होता. झाकपाक हे घराच्या आरोग्याचे काम आहे आणि त्याचे मर्म चकाचक दिसण्यात नसून कोरडेपणात आहे.

वीस मिनिटांचा हिशेब

अनुकूल परिस्थितीत अनेक जीवाणू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात. या वेगाने एका जीवाणूचे आठ तासांत चोवीस वेळा द्विगुणन होऊन १ कोटी ६७ लाखांहून अधिक जीवाणू तयार होतील. प्रत्यक्षात अन्न संपते, जागा अपुरी पडते, त्यामुळे वाढ इतकी सरळ होत नाही. परंतु रात्रीचे आठ तास किती मोठे असतात, हे या गणितावरून ध्यानात येते. दिवसा स्वयंपाकघरात सतत वावर असतो, भांडी धुतली जातात, ओटा पुसला जातो. रात्री या वाढीत कोणताही अडथळा नसतो.

५ ते ६० अंश सेल्सिअस हा तापमानाचा पट्टा अन्नाच्या दृष्टीने धोक्याचा मानला जातो. मुंबईतील मे महिन्याची किंवा पुण्यातील ऑक्टोबरची रात्र या पट्ट्याच्या अगदी मध्यावर येते. शिजविलेले अन्न साधारण तापमानात दोन तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नाविषयीच्या सूचनांमध्ये म्हटले आहे. म्हणूनच झाकपाकीत पहिला मान भांड्यांचा नव्हे, उरलेल्या अन्नाचा.

फोडणीच्या भाताचे काय?

उरलेल्या भाताला सकाळी फोडणी देणे ही घरोघरची रीत. फोडणीत दोष नाही. दोष आहे तो भात रात्रभर ओट्यावर ठेवण्यात. तांदळात 'बॅसिलस सेरिअस' नावाच्या जीवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजतानाही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते अंकुरतात, वाढतात आणि त्यातील काही प्रकार उलट्या घडविणारे विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. त्यामुळे सकाळी कढई कितीही तापवली तरी रात्री झालेली चूक सुधारत नाही. भात रात्रीच शीतकपाटात गेला असेल, तर मात्र सकाळचा फोडणीचा भात निर्धास्तपणे खावा.

गरम पातेले तसेच शीतकपाटात सरकविणे हाही योग्य उपाय नव्हे. खोल पातेल्यातील वरणाचा किंवा भाताचा मधला भाग बराच वेळ गरम राहतो. अन्न लहान, उथळ डब्यांत काढले की ते लवकर निवते आणि मोठी पातेलीही घासायला मोकळी होतात. शीतकपाटाचे तापमान ५ अंशांच्या आत असावे. कच्चे मांस किंवा मासे असतील तर ते घट्ट झाकणाच्या डब्यात, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावेत. म्हणजे त्यांचे पाणी शिजलेल्या अन्नात ठिबकत नाही.

'बाई सकाळी येणारच आहे'

शहरातील अनेक घरांत रात्रीची भांडी सकाळी घरकामगार स्त्रीसाठी ठेवली जातात. 'वाळून कडक होऊ नयेत' म्हणून त्यांत पाणी ओतले जाते. हेतू चांगला, परिणाम मात्र उलटा. खरकट्यासकट रात्रभर साचलेले पाणी म्हणजे जीवाणूंसाठी आयते विरजणच. सकाळी त्या आंबूस वासाच्या पाण्यात हात घालायचा असतो तो त्या स्त्रीला. साबण, पाणी आणि खरखरीत घासणी यांच्या सततच्या संपर्काने कातडी फाटलेल्या हातांना हे पाणी अधिकच त्रासाचे. घरकामगारांसाठी कल्याणकारी मंडळ स्थापन करण्याचा कायदा महाराष्ट्राने २००८ साली केला; पण मोरीतले पाणी कसे असावे, हे कोणताही कायदा ठरवू शकत नाही. ते घरातल्यांनीच ठरवायचे.

भांडी रात्री घासणे शक्य नसेल, तर तीन गोष्टी पुरेशा आहेत: खरकटे निपटून ओल्या कचऱ्यात टाकणे, भांडे एकदा पाण्याने विसळणे आणि ते पालथे घालणे. या तीन कृतींना पाच मिनिटेही लागत नाहीत. भांडे पालथे असले की त्यात पाणी साचत नाही आणि सकाळचे घासणेही हलके होते.

घासायचीच असतील तर क्रम पाळावा. आधी पेले व वाट्या, मग ताटे, त्यानंतर पातेली आणि सर्वांत शेवटी तेलकट कढई. कढईतील तेल आधी रद्दी कागदाने पुसून घ्यावे. मोरीत ओतलेले तेल नळीत थंड होऊन चिकटते, त्यावर अन्नाचे कण बसतात आणि नळी हळूहळू अरुंद होत जाते. सोसायटीतील तुंबलेल्या गटाराचे मूळ अनेकदा असे चमचा-चमचा तेलात असते. कणीक मळलेली परात आणि दुधाचे पातेले आधी थंड पाण्याने विसळावे. कढत पाण्याने कणकेतील पिठूळ अंश व दुधातील प्रथिने भांड्याला अधिकच घट्ट धरतात.

साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला आणि दुसरे तेलाला धरते. त्यामुळे तेलाचे बारीक थेंब सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. पूर्वीच्या राखेचेही गुपित रसायनशास्त्रातच होते. राखेतील क्षार तेलाशी संयोग पावून साबणासारखाच पदार्थ तयार करतात, तर तांब्या-पितळेवर चोळलेल्या चिंचेतील आम्ल वरचा काळा थर विरघळविते.

भांडी स्वच्छ, फडके अस्वच्छ

ज्याने स्वच्छ करायचे तेच अस्वच्छ असेल तर? जर्मनीतील संशोधकांनी स्वयंपाकघरात वापरलेल्या स्पंजांचा अभ्यास २०१७ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. काही स्पंजांमध्ये एका घन सेंटीमीटरला पन्नास अब्जांच्या घरात जीवाणू असल्याचे त्यांना आढळले. हे सर्वच जीवाणू रोगकारक असतात असे नव्हे. परंतु अधूनमधून स्वच्छ केल्या जाणाऱ्या स्पंजांतही ही संख्या कमी नव्हती, हे लक्षणीय आहे. त्यामुळे स्पंज उकळत बसण्यापेक्षा तो वरचेवर बदलणे श्रेयस्कर. तारेची किंवा प्लॅस्टिकची घासणी तुलनेने लवकर वाळते. मात्र ती साबणाच्या डबीत, पाण्यात बुडलेली राहता कामा नये.

ओट्याच्या फडक्याचेही तसेच. भांडी पुसायचे, ओटा पुसायचे आणि हात पुसायचे फडके वेगवेगळे असावे. रात्री ते धुऊन, पिळून, दोरीवर पसरून वाळत घालावे. बोळा करून ठेवलेले फडके सकाळपर्यंत ओलेच राहते आणि त्याने पुसलेला ओटा पुसण्याआधी होता त्याहून अस्वच्छ होतो. पावसाळ्यात कोकणपट्टीत फडकी वाळता वाळत नाहीत. अशा दिवसांत चार-सहा जुनी सुती फडकी हाताशी ठेवून रोज बदलणे हाच सोपा मार्ग.

ओटा कोणत्या दगडाचा आहे, हेही पाहावे. जुन्या घरांतील काळा कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड आहे. लिंबू, व्हिनेगर यांसारख्या आम्लाने त्याची झिलई जाते आणि त्यावर पांढुरके डाग पडतात. त्याला साधे साबणपाणीच बरे. ग्रॅनाइट आम्लाला दाद देत नाही. आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: ब्लीचिंग पावडर आणि फरशी धुण्याचे अॅसिड कधीही एकत्र वापरू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

तहानलेली झुरळे

स्वयंपाकघरात हमखास दिसणारे लहान, तपकिरी झुरळ 'जर्मन' म्हणून ओळखले जाते. परंतु २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार त्याचा उगम सुमारे २१०० वर्षांपूर्वी दक्षिण आशियात झाला. म्हणजे हा पाहुणा नव्हे, घरचाच! मादी एका अंडकोशात ३० ते ४० अंडी घेऊन फिरते. झुरळांची विष्ठा आणि गळून पडलेले अवशेष यांमुळे ॲलर्जी होते, तर दमेकऱ्यांचा, विशेषतः मुलांचा, त्रास बळावतो.

झुरळे अन्नाशिवाय कित्येक आठवडे तग धरतात. पाण्याशिवाय मात्र त्यांचा निभाव फार दिवस लागत नाही. त्यामुळे दर महिन्याला औषध फवारूनही मोरी रात्रभर ओली राहत असेल, तर झुरळे परतणारच. मोरी घासून झाल्यावर ती कोरड्या फडक्याने पुसणे, जाळीतले खरकटे काढून टाकणे, ठिबकणारा नळ दुरुस्त करून घेणे आणि शेगडीखालचे तेलकट कण पुसणे, हे बिनखर्चाचे उपाय फवारणीपेक्षा अधिक टिकाऊ ठरतात.

डब्यातला कचरा, देवनारचा धूर

दिवसभराचा ओला कचरा झाकणाच्या डब्यात आणि सुक्यापासून वेगळा असावा, हे आता नवे राहिलेले नाही. घराघरांत कचरा वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या घनकचरा नियमांनीच घातले. तरीही रात्रीच्या घाईत भाजीची देठे, चहाचा चोथा आणि दुधाची पिशवी एकाच डब्यात जातात. असा मिश्र कचरा खतालाही निरुपयोगी आणि भंगारालाही. पुण्यासारख्या शहरात तो दुसऱ्या दिवशी कचरावेचक महिलांना हाताने निवडावा लागतो. उरलेला कचराभूमीत दडपला गेला, की ओला भाग हवेविना कुजून त्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू निघतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतील देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला होता. ओल्या कचऱ्यातील पाणी निथळून तो वेगळा ठेवणे, एवढे काम तर ओट्यापाशीच होऊ शकते.

शेवटची फेरी

दिवा मालवण्यापूर्वीची शेवटची नजर गॅसवर हवी. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड असतो; गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. मूळचा गंधहीन असलेला हा वायू ओळखता यावा म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. नळाने येणारा नैसर्गिक वायू मात्र हलका असल्याने वर चढतो. म्हणून सिलिंडर असेल तर रेग्युलेटर आणि नळाचा गॅस असेल तर भिंतीवरील झडप रात्री बंद करावी. केवळ शेगडीची बटणे बंद करणे पुरेसे नाही. रबरी नळीवर छापलेली मुदतही अधूनमधून पाहावी. वास आलाच तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद काहीही न करता खिडक्या-दारे उघडावीत, घराबाहेर पडावे आणि १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

काम कोणाचे?

हे सारे वाचताना यादी लांबलचक वाटते. प्रत्यक्षात ते अर्ध्या तासाचे काम आहे. प्रश्न आहे तो हा अर्धा तास कोणाचा, हा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. झाकपाकीचे वैशिष्ट्य असे, की ती दिवसाच्या अखेरीस, शरीर सर्वांत थकलेले असताना येते. दूरदर्शनसमोर बाकीचे घर विसावलेले असते आणि एक व्यक्ती ओट्यापाशी उभी असते. थकलेल्या एकट्या माणसाच्या हातून नेमक्या शेवटच्या गोष्टी सुटतात: फडके पसरायचे राहते, मोरी पुसायची राहते, रेग्युलेटर फिरवायचा राहतो.

त्यामुळे या कामाची वाटणी हा केवळ न्यायाचा प्रश्न नाही, तर काम नीट होण्याची ती अटच आहे. एकाने उरलेले अन्न डब्यांत काढावे, दुसऱ्याने भांडी विसळावीत, तिसऱ्याने ओटा व मोरी पुसून गॅस बंद करावा. दहा मिनिटांत स्वयंपाकघर रात्रीसाठी सज्ज होते. दहावीतल्या मुलालाही परात पालथी घालता येते आणि निवृत्त आजोबांनाही फडके पिळून दोरीवर टाकता येते. विरजण लावायला एक हात पुरतो. मोरी कोरडी ठेवायला घरातले सारे हात लागतात.