फाटकाबाहेरची उत्तरतपासणी

भौतिकशास्त्राच्या परीक्षेत गणिती बुद्धीच्या विद्यार्थ्याचे आणि जीवशास्त्राच्या परीक्षेत पाठांतर पक्के असलेल्याचे पारडे जड असते, हे सर्वांना आधीच ठाऊक असते. परंतु बारावीचे रसायनशास्त्र आकडेमोड, स्मरणशक्ती आणि तर्क या तिन्हींचा वसूल एकाच बैठकीत घेत असल्यामुळे त्याची प्रश्नपत्रिका कठीण निघाली म्हणजे परीक्षाकेंद्राच्या फाटकाबाहेर जो कल्लोळ उसळतो, त्यात आपली बाजू निःशंकपणे मांडू शकणारा असा कोणीच नसतो. तीन तासांत सत्तर गुणांचा जमाखर्च उरकून, गणकयंत्रास मनाई असल्याने लॉगची कोष्टके चाळून शिणलेली ही मुले बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आत बांधले जात असतात, आणि जे कागद आता आपल्या हाती पुन्हा यायचे नाहीत त्यांत आपण काय लिहिले, याची रुजुवात केवळ स्मृतीच्या भरवशावर सुरू होते.

"ऑस्मॉटिकचं तुझं किती आलं?" हा पहिला सवाल. उदाहरण नेहमीच्या धाटणीचे असते: सत्तावीस अंश सेल्सिअस तापमानाला ०.१ मोलर युरियाच्या द्रावणाचा परासरण दाब काढा. वाळलेले बेदाणे पाण्यात टाकले की पाणी त्यांच्या सालीतून आत शिरते आणि ते टम्म फुगतात. असे आत शिरू पाहणारे पाणी थोपवून धरण्यास जितका दाब द्यावा लागेल, तो परासरण दाब. द्रावणाची संहती, वायू स्थिरांक आणि केल्विनमधील तापमान यांचा गुणाकार केला की तो मिळतो. एक जण सांगतो, २.४६३. दुसऱ्याचे आलेले असते २४९.४, आणि पहिल्याचा आकडा ऐकताक्षणी त्याचा चेहरा उतरतो. तिसरा ०.२२ म्हणतो आणि दोघांकडे आळीपाळीने पाहतो.

येथे जो निवाडा होतो तो पाहण्याजोगा असतो. २.४६३ म्हणणारे चौघे भरले आणि त्यांत वर्गातला हुशार मुलगा निघाला, की २४९.४ वाल्यास बहुमताने दोषी ठरविण्यात येते. तोही निमूटपणे "गेले माझे दोन मार्क" असे कबूल करून मोकळा होतो. वस्तुतः त्याने स्थिरांकाची किंमत ०.०८२१ न घेता ८.३१४ घेतलेली असते, त्यामुळे त्याचे उत्तर वातावरण या एककात न येता किलोपास्कलमध्ये आलेले असते, आणि एक वातावरण म्हणजे सुमारे १०१.३ किलोपास्कल हे ध्यानात घेतले तर दोघांनी एकच दाब दोन मापांनी मोजला, इतकेच काय ते सिद्ध होते. खरा अपराधी तिसरा. सत्तावीसचे तीनशे केल्विन करावयाचे त्याच्याकडून राहून गेलेले असते. परंतु आकड्यामागचे एकक सांगण्याइतका धीर त्या गर्दीत कोणाजवळ असतो?

असेंद्रिय विभागाचे भांडण अधिक सुरस. निकेलभोवती चार क्लोराइड असले काय आणि चार सायनाइड असले काय, बाजू चारच. तेव्हा दोहोंचा आकार सारखाच असणार, असा एका पक्षाचा युक्तिवाद. सायनाइडचा प्रभाव प्रबळ असल्याने निकेलचे एकटे राहिलेले दोन इलेक्ट्रॉन जोडीने बसतात व रचना सपाट चौरसाची होते. दुर्बळ क्लोराइडला ते साधत नाही, म्हणून तेथे चतुष्फलक उभा राहतो आणि ते दोन इलेक्ट्रॉन एकटेच राहतात, हे दुसऱ्या पक्षाचे प्रतिपादन, आणि तेच बरोबर. गंमत अशी, की वर्षभर शिकवणीत ज्यावर कोणी एक शंका विचारली नाही, तो विषय येथे रिक्षाच्या बाकावर दप्तर ठेवून, कागदावर चौकोन काढकाढून, अत्यंत हिरिरीने चर्चिला जातो. मला विचाराल तर अध्यापनाची इतकी उत्तम संधी सबंध वर्षात दुसरी येत नाही. पालक मात्र "झालं ते झालं, आता पुढच्या पेपरचं बघ" म्हणून मुलाला ओढून नेतात.

मंडळाच्या लेखी या आकड्यांची प्रतिष्ठा बेताचीच आहे, हेही सांगितले पाहिजे. परीक्षकापुढे आदर्श उत्तरे असतात. तो उदाहरण तपासतो ते पायरीपायरीने, म्हणजे सूत्र, त्यात भरलेल्या किंमती, आकडेमोड आणि एकक अशा क्रमाने, बहुधा अर्ध्याअर्ध्या गुणाच्या हिशोबाने. त्याच्या कामावर नियामकाची आणि त्यावर मुख्य नियामकाची नजर असते. निकालानंतर अर्ज करून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागविण्याची आणि पुनर्मूल्यांकनाची सोयही आहे. म्हणजे फाटकाबाहेर ज्या अंतिम आकड्यावरून रडू कोसळते, तो गुणांचा लहानसा हिस्सा असतो, आणि ०.२२ वाल्याच्या पदरातही सूत्रापुरते काही पडतेच.

प्रवेशपरीक्षांचा कायदा निराळा. सीईटीत अथवा नीटमध्ये पायऱ्या कोणी पाहत नाही. चार पर्यायांपैकी एक निवडायचा, आणि नीटमध्ये तर चुकल्यास एक गुण गमवायचा. तेथे उत्तरे ताडून पाहण्यास अर्थ आहे, कारण पुढे तात्पुरती उत्तरसूची प्रसिद्ध होते आणि तिच्यावर शुल्क भरून हरकत घेता येते. तेथे वातावरण की किलोपास्कल हा तंटाही उद्भवत नाही, कारण पर्यायाशेजारी एकक छापलेले असते. आणि तापमान केल्विनमध्ये घ्यावयास विसरलेल्या विद्यार्थ्यास आपले ०.२२ तेथे आयते छापून ठेवलेले सापडण्याचाही पुष्कळच संभव असतो, कारण प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला ती चूक पुरती ओळखीची असते.